बारदान वजा

“सोळाशे पाच!” शिकाऊ नर्स काट्यावरचा आकडा बघून ओरडलीच, आणि काचेच्या पलीकडं उभी असलेली माझी आई मटकन बाकावर बसली.

सोळाशे म्हणजे सुट्टी. डॉक्टर इनामदार मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, बाळ सोळाशे ग्रॅमचं झालं की घेऊन जा, एक ग्रॅम कमी असला तरी मला विचारायला येऊ नका. आमची पोरगी दोन महिने आधी जन्मली, तेव्हा बाराशे ऐंशी होती. चोवीस दिवस आम्ही सोलापूरच्या त्या इस्पितळात तळ ठोकून होतो, आणि त्यातले शेवटचे तीन दिवस काटा पंधराशे साठच्या पुढं हलायला तयार नव्हता. आज हलला, तो एकदम सोळाशे पाचवर.

“काका, पेढे आणा आता,” म्हणत नर्सनं बाळ माझ्या हातात दिलं. मी हसलो. हसत हसत पोरीला दोन्ही तळव्यांवर घेतलं आणि माझं हसू तिथंच थांबलं. हाताला पटेना.

हे सांगितलं की लोक म्हणतात, जालिंदर सुरवसे फुशारक्या मारतो. मारतो, तेवढा हक्क आहे मला! बार्शीच्या मार्केट यार्डात तेव्हा मला मापाडी म्हणून पंधरा वर्षं झाली होती. शेतकऱ्याचा माल काट्यावर घालायचा आणि वजन सगळ्यांना ऐकू जाईल असं पुकारायचं, हे आमचं काम. माझ्या आधी माझे वडील, अण्णा, तेच करायचे. पोतं उचलून किती किलो ते सांगणारे यार्डात ढिगानं होते. पण वजन कुठल्या अंगाला झुकतंय हे ज्याला हातात घेतल्याबरोबर कळतं, त्याला मी मापाडी म्हणतो. कुणी पोत्याच्या तळाला ओली तूर भरली असली की माझा हात मला आधी सांगायचा, डोळे नंतर. आणि त्या सकाळी माझी पोरगी पायाकडं झुकत होती.

पोरीचं वजन हातानं ओळखायची माझ्यावर वेळ का आली, तेही सांगतो. बाळंतपणात मंदाला, माझ्या बायकोला, झटके आले होते. नंतर टाके पिकले, ताप उतरेना. ती खालच्या मजल्यावर आणि पोरगी वर काचेच्या पेटीत. पेटीतून काढल्यावर मॅडम म्हणाल्या, बाळाला आता माणसाची ऊब पाहिजे, उघड्या छातीला बांधून बसायचं, दिवसातून सहा-सात तास. कांगारू बसतं तसं. आई आजारी असेल तर बाप चालतो.

“मी?” मी म्हणालो. “मॅडम, मी पोती उचलणारा माणूस.”

“मग हे पोतं फार हलकं आहे,” मॅडम म्हणाल्या. “शर्ट काढा.”

तर मी शर्ट काढून बसलो. माझ्या छातीवर केसांचं हे रान, आणि त्यात मुठीएवढं डोकं खुपसून ती झोपायची. यार्डातले दोन हमाल भेटायला आले, काचेतून मला तसा बघितला आणि पोट धरून हसले. मी आतून त्यांना मूठ दाखवली. पण खरं सांगू? तसं बसलो की मला माझाच हेवा वाटायचा. आईनं मात्र कपाळावर हात मारून घेतला होता. पुरुषमाणसानं बाराव्याच्या आत बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, आणि हा उघडाबंब होऊन तान्हं छातीला बांधून बसलाय!

रोज सकाळी आठला वजन व्हायचं. जानेवारीची थंडी, म्हणून बाळाचं टोपडं आणि लोकरीचे मोजे काढायचे नाहीत. सलोमी सिस्टरनी ते कपडे आधीच तोलून ठेवले होते, चाळीस ग्रॅम. रोज आधी काट्यातून ते चाळीस वजा करून घ्यायचे, मग काटा दाखवील ते नुसत्या बाळाचं. हे बघून मला फार बरं वाटलं होतं.

“सिस्टर, याला आमच्यात बारदान म्हणतात,” मी म्हणालो. “पोत्याचं वजन वजा करायचं, मग उरतो तो माल.”

“मग तुम्हाला शिकवायला नको,” सिस्टर म्हणाल्या.

शिकवायला लागलं ते वेगळंच. मॅडम येता-जाता म्हणायच्या, “आज गेन किती?” “आज गेन नाही.” “बाळ गेन करत नाहीये.” मी आठवी पास. दोन दिवस ऐकून घेतलं, तिसऱ्या दिवशी सिस्टरना विचारलं, गेन म्हणजे काय?

“वजन वाढणं.”

“मग वाढलं म्हणा की सरळ. इंग्रजी कशाला?”

सलोमी सिस्टर मूळच्या आमच्याच तिकडच्या, पांगरीच्या. बाळांच्या बाटल्या उकळता उकळता त्या म्हणाल्या, “भाऊ, वाढतं तर काय काहीही. ताप वाढतो, बाजारभाव वाढतो, अंगावर सूज आली तरी वजन वाढतंच की. त्याला मॅडम गेन म्हणत नाहीत. गेन म्हणजे कमावणं. ह्या एवढ्याशा जिवानं दूध ओढायचं, श्वास घ्यायचा, अंगातली ऊब धरून ठेवायची, आणि त्यातून उरेल ते अंगावर चढवायचं. वीस ग्रॅम असेल, पण तिचं तिनं कमावलेलं.”

ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं. त्या दिवसापासून मी पण गेन म्हणायला लागलो. खाली जाऊन मंदाला सांगायचो, “आज पोरीनं वीस कमावले,” आणि मंदा तापातसुद्धा हसायची. हमाल मोबदल्याशिवाय पोतं उचलत नाही आणि माझी पोरगी फुकटात रोज वीस ग्रॅम उचलते, अशा माझ्या बढाया चालायच्या. आज ती पासष्ट किलोची आहे, आणि हे आकडे चारचौघांत सांगितलेले तिला अजिबात खपत नाहीत.

तेव्हा खपत नव्हतं ते आईला.

“बाळसं धरलं तर डोळ्यानं बघावं आन् मनात ठेवावं,” ती म्हणायची. “हितं रोज सकाळी लेकरू तागडीत घालायचं आन् धा जणांत आकडा पुकारायचा. आसं केल्यावर दृष्ट लागणार न्हाई तर काय व्हनार? तूर हाय का ती?”

“आई, वजन केल्याशिवाय कळणार कसं?”

“तुला जन्मात कुनी तोललं न्हाई. मेलास का?”

आणि नेमका काटा तीन दिवस पंधराशे साठवर अडकला. आईला वाटलं, आपण म्हणत होतो तेच झालं. त्या तीन दिवसांत ती धड जेवली नाही. बाकावर बसून राहायची आणि वजनाची वेळ झाली की डोळे मिटून घ्यायची.

तर त्या सकाळी पोरीला घेऊन मी माझ्या खुर्चीत बसलो. नर्स दुसऱ्या बाळाकडं वळली होती. मी हळूच डावा मोजा खाली ओढला. आत चांदीचा वाळा. उजव्या मोज्यात दुसरा. पोरीचे पाय एवढे बारीक की ते पायात बसलेच नव्हते, नुसते मोज्यात टाचेपाशी पडले होते. जोडी मी लगेच ओळखली, माझीच होती ती. अण्णांनी माझ्या बारशाला केलेली, चार तोळ्यांची. चार तोळे म्हणजे सेहेचाळीस ग्रॅम आणि वर थोडं. सोळाशे पाचमधून ते वजा केले की काय राहतं, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मी काचेकडं बघितलं. आईनं मान फिरवली.

मी वाळे होते तसे ठेवले, पोरीला पाळण्यात निजवलं, शर्ट चढवला आणि बाहेर आलो. आईला जिन्याजवळ नेलं.

“मोज्यात काय हाय, आई?”

“वाळं हायती. आपल्यात घालत्यात लेकराला. सकाळी दूध पाजायला मला आत घेतलं तवा घातलं.”

“बारशाला घालत्यात. पायात घालत्यात आन् सगळ्यांना दाखवत्यात. मोज्यात लपवून कोन घालतंय?”

“मला म्हातारीला काय कळतंय वजनातलं?”

“मापाड्याची बायको हायस तू. बारदान म्हंजी काय ते तुला मी सांगू?”

तिनं पदर सावरला. मग एकदम उसळली.

“व्हय, घातलं! जानूनबुजून घातलं! मला माझी नात त्या तागडीतनं बाहेर काढायचीय. रोज बोलून बोलून लोकांनी तिची वाढ खाल्ली. तिकडं तुझी बायको लेकरासाठी झुरायलीय. घरी नेते, चुलीपाशी उबत घेऊन बसते, तेल लावते. आठ दिसात आशी गुबगुबीत करते बघ. चाळीस ग्रॅमसाठी काय आडतंय का?”

“ते तिनं कमावलेलं न्हाई, आई. आपण चढवलंय.”

“घरी गेल्यावर कमवंल.”

“आन् न्हाई कमावलं तर?”

तिनं हात जोडले. मग खालच्या आवाजात म्हणाली, “जालू, येवढ्या डाव गप बस. माझ्यासाठी बस.”

माझ्या आईनं आयुष्यात माझ्याकडं काही मागितलं नव्हतं. मी खाली गेलो. मंदाला कुणीतरी बातमी दिली होती. तिचा ताप चारच दिवसांपूर्वी उतरलेला, हाडं वर आलेली, पण वेणी घालून, पिशवी भरून कॉटवर बसली होती.

“अहो, सुट्टी झाली ना? आत्याबाई म्हणत होत्या तसंच झालं बघा, आज होणार म्हणून. मी तिला आज रात्री जवळ घेऊन झोपणार.”

“मॅडम येऊ देत,” एवढंच मी म्हणालो.

खोटं कशाला सांगू, मी अर्धा-पाऊण तास खरंच गप्प बसायचं ठरवलं होतं. बाहेर चहाच्या गाड्याजवळ उभा राहिलो. मनाशी म्हटलं, चाळीस-पन्नास ग्रॅम म्हणजे काय, मूठभर शेंगदाणे. चोवीस दिवस झाले, बायको रडतेय, म्हातारी उपाशी आहे, न्यावं घरी. मंदा तिला चोवीस तास जवळ घेईल, तेही औषधच आहे. सगळं पटत होतं. फक्त हात ऐकेनात. तळव्यांवर ती पायाकडं झुकलेलीच लागत होती. माझी पोरगी आयुष्यात पहिल्यांदा सोळाशेच्या वर चढली आणि तेच माप बापाच्या डोळ्यांदेखत खोटं लिहिलं गेलं, हे मला सहन होईना. चहा तसाच ठेवून मी वर आलो.

अकराला इनामदार मॅडम आल्या. तक्ता बघून खूष झाल्या. “वा, सुरवसे! शेवटी केला गेन हिनं. एकदम पंचेचाळीस?” त्यांनी पेन काढलं.

“मॅडम, परत एकदा वजन करा,” मी म्हणालो.

“का?”

“बारदान चुकलंय.”

मी पोरीला काट्यापाशी नेलं, दोन्ही मोज्यांतून वाळे काढून टेबलावर ठेवले. चांदी वाजली आणि आतली सगळी माणसं वळून बघायला लागली. आत तेव्हा आणखी एक बाप होता, वैरागचा औदुंबर काशीद, जुळ्या पोरांचा. त्याची तूर दर साली मीच तोलायचो. शिकाऊ नर्सचं तोंड पांढरं पडलं. काटा पंधराशे साठवर येऊन थांबला.

“हे कुणी घातले?” मॅडमचा आवाज चढला.

काचेपलीकडं आई उभी होती. तिचा हात दाराच्या कडीवर होता आणि तोंड असं झालं होतं की मला बघवेना. जिनं मला अंगणात पोत्यावर बसवून आकडे शिकवले, तिला मी सोलापूरच्या इस्पितळात चारचौघांपुढं उभी करू?

“मी घातले,” मी म्हणालो.

मॅडमनी मला जे काही झापलं ते ऐकून घेतलं. बाप आहात की कोण आहात, पोरीच्या जिवाशी खेळता, मापाडी म्हणवता आणि स्वतःच्या लेकराचं खोटं वजन करता? मी मान खाली घालून उभा. पण माझ्या वर्मी लागलं ते काशीदचं. तो काही मोठ्यानं बोलला नाही. आपली पोरं सावरत, माझ्याकडं न बघता म्हणाला, “मापाडी, आमी तुमच्या काट्यावर माल घालतो.”

माझं टाळकं एरवी एवढ्या-तेवढ्यावरनं सटकतं. त्या वेळी मात्र मी टेबलावरचे वाळे उचलून खिशात घातले.

मॅडम बोलता बोलता थांबल्या. तक्ता परत उचलला. “थांबा. म्हणजे आजचं खरं पंधराशे साठ. काल पंधराशे साठ. परवा, तेरवा तेच. चौथा दिवस आहे हा.” त्यांनी पोरीचं पोट दाबून बघितलं, तळपायावर टिचकी मारली. पोरगी रडली नाही, नुसती कण्हली. मॅडमचा चेहरा बदलला. “सलोमी, रक्त काढा हिचं. आत्ताच्या आत्ता.”

संध्याकाळी कळलं. रक्तात जंतू शिरले होते. बाहेरून काही दिसत नव्हतं, ना ताप ना काही. फक्त गेन थांबला होता, तेवढीच खूण होती. मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “सकाळी मी सही करणार होते. घरी गेली असती तर गुरुवार बघितला नसता हिनं.” तो सोमवार होता. मी भिंतीला टेकलो. आई चार हातांवर उभी होती. तिनं ते ऐकलं.

पोरगी परत पेटीत गेली, हाताला सुया लागल्या. मंदानं पिशवी रिकामी केली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिच्या लेखी मीच तो शहाणा, ज्यानं वाळे घातले. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, “तुम्ही असं कराल असं वाटलं नव्हतं हो.” मी ऐकून घेतलं. आई तिथंच मंदाचे केस विंचरत होती. तिचा हात थांबला, पुन्हा चालू झाला.

मधे दोन दिवस यार्डात काम बघायला बार्शीला गेलो. बातमी माझ्या आधी पोचली होती. हमाल थट्टेनं म्हणाले, “मापाडी पोरीलासुद्धा बारदान लावतोय.” त्यांच्या थट्टेचं मला काही नव्हतं. पण एका शेतकऱ्यानं, माझ्या बापाच्या वयाच्या माणसानं, मी वजन पुकारल्यावर हात वर केला. “परत काटा करा.” पंधरा वर्षांत मला हे शब्द कुणी ऐकवले नव्हते. परत काटा केला. तेवढंच भरलं. तो पावती घेऊन गेला, आणि मी त्या दिवशी डबा न उघडताच घरी आणला.

सोलापूरला परत आल्यावर आईनं विचारलं, “यार्डात काय म्हनत्यात?”

“काय न्हाई.”

“हमाल आला होता तुझा, भेटायला. त्यानं सांगितलं मला.” एवढं बोलून तिनं माझ्यापुढं डबा सरकवला. आमच्या घरात माफी मागायची रीत नाही, आणि मला ती नकोही होती.

पाचव्या दिवशी पोरीनं दूध ओढलं. सहाव्या दिवशी काट्यानं पंधरा ग्रॅम जास्त दाखवले. सलोमी सिस्टरनी ते मला पुकारायला लावलं. मी यार्डातल्या आवाजात पुकारलं, “पंधराशे पंच्याहत्तर!” आणि आतली सगळी बाळं एकदम दचकून रडायला लागली. मॅडम धावत आल्या, मला ओरडल्या, आणि तक्ता बघून हसल्या. “गेन!” मी म्हणालो. “तिचं तिनं केलेलं.” पुढं रोज दहा, वीस, कधी पाच. मधे एक दिवस पंचवीस कमी झाले आणि माझी झोप उडाली. सिस्टर म्हणाल्या, होतं असं, बाळ आहे, काटा नाही. पण एकंदरीत ती कमावत राहिली. मी पुन्हा शर्ट काढून बसायला लागलो. आता मंदाही यायची, तिच्या छातीला पोरगी बांधायचो आणि मी शेजारी बसून बघायचो.

आई काचेपाशी उभी राहायची. डोळे मिटायची नाही. आकडा पुकारला की ओठ हलायचे, पाठ करत असल्यासारखे.

अडतिसाव्या दिवशी सोळाशे दहा. मॅडमनी स्वतः टोपडं-मोजे झटकून बघितले, पुन्हा काट्यावर घातली, पुन्हा सोळाशे दहा. त्या हसल्या. “घेऊन जा, सुरवसे. त्या दिवशी वेळेत सांगितलंत ते फार बरं केलंत. पण असला आगाऊपणा परत करू नका.”

“न्हाई करणार,” मी म्हणालो.

काशीद तिथंच होता, त्याच्या जुळ्यांतली एक पोरगी अजून तेराशेवर होती. मंदा माझ्याकडं बघत होती, अजून थोडं रागावलेली. मी पोरीला गुंडाळायला लागलो.

“मॅडम,” दारातून आई म्हणाली.

तिला आत यायला सांगावं लागलं नाही. चप्पल बाहेर काढून ती सरळ टेबलापाशी आली. माझी आई पाच फुटांची पण नाही, तिथं मात्र ताठ उभी राहिली.

“ते वाळं मी घातलं व्हतं.”

मॅडमना काही कळेना. “तुम्ही?”

“व्हय, त्या दिशीचं. ह्यानं न्हाई घातलं. ह्याला ठावं बी नव्हतं. हातात घेतल्यावर ह्याला कळलं, आन् मी हात जोडून सांगितलं गप बस म्हनून, तर गप बसला न्हाई. आन् माझं नाव पन सांगितलं न्हाई.” तिनं पदर कमरेला खोचला. “माझ्या पोरानं उभ्या जन्मात खोटं माप केलं न्हाई. खोटं बोलला तो येकदाच, ते माझ्यापायी.”

“आई, जाऊ दे की,” मी म्हणालो.

“तू गप बस.”

मंदानं तोंडावर हात धरला होता. आई वळली, मॅडमकडं नाही, काशीदकडं.

“पाव्हणं, तुमी बार्शीला माल घेऊन जाता न्हवं? तिथं यार्डात सांगा. अण्णा मापाड्याच्या बायकोनं, सोनाबाई सुरवशीनं, नातीचं खोटं वजन केलं म्हनून सांगा. असंच सांगा, नाव घेऊन. माझ्या पोराचं नाव त्यात यायला नको.”

काशीद उठून उभा राहिला. त्यानं टोपी काढली, हातात धरली, आणि म्हणाला, “सांगतो, मावशी.”

मॅडमनी काय करावं, पुढं होऊन पोरगी माझ्या हातातून घेतली आणि आईच्या हातात दिली. “सांभाळा, आजी. दर सोमवारी वजनाला आणायची.”

“आणते,” आई म्हणाली. “मीच आणते.”

खाली येईपर्यंत मी तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर भोकाड पसरलं असतं, आणि तेवढा मोठा गडी इस्पितळाच्या जिन्यात रडताना कुणी बघायला नको होता. मंदा माझा दंड धरून चालत होती. तो तिनं शेवटपर्यंत सोडला नाही.

फाटकाबाहेर रिक्षा केली. आई मधे, पदराखाली पोरगी, दोन्ही बाजूंना आम्ही. रिक्षावाल्यानं आरसा नीट करून मागं बघितलं.

“नवी पाव्हणी का?”

“व्हय, पोरगी हाय,” मी म्हणालो. त्याला तेवढंच पाहिजे होतं, त्यानं रिक्षा चालू केली. पण माझं पोट भरेना. मी पुढं वाकलो, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि इंजिनाच्या आवाजावरून ओरडून सांगितलं,

“आन् ही माझी आई हाय.”